डीएमचा शब्द शेवटचा, पहिला नव्हे

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या टेबलाभोवती बसून खेळायच्या खेळावर आलेला लेख वाचला. मराठी वृत्तपत्राने या खेळाला इतकी जागा दिली याचा आनंद आहे. पण लेखातली दोन विधाने खटकली. ‘लढाईचे नियम नावालाच, डंजन मास्टर म्हणेल ते खरे’ हे पहिले, आणि ‘फाशावर वीस पडले की काहीही शक्य होते’ हे दुसरे. पहिले अर्धसत्य आहे, दुसरे सरळ चूक. नव्याने खेळायला बसणारी मुले नेमकी हीच दोन वाक्ये मनात धरून बसतात आणि पहिल्याच चकमकीत वाद घालतात. म्हणून हे पत्र जरा सविस्तर लिहीत आहे.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन यांनी १९७४ साली अमेरिकेत तो बाजारात आणला. दोघेही मुळात टेबलावर छोटे सैनिक मांडून लढाया खेळणारे, आणि ते वळण आजही नियमांत दिसते. पटावरचा एक चौकोन म्हणजे पाच फूट, एक फेरी, ज्यात प्रत्येकाला एक पाळी मिळते, म्हणजे सहा सेकंद. प्रत्येक खेळाडू एक पात्र चालवतो. राक्षस, गावकरी, हवामान आणि बाकी सारे जग डंजन मास्टर, म्हणजे डीएम, चालवतो. वार करायचा तर वीस बाजूंचा फासा टाकायचा, त्यात ताकदीचा किंवा चपळाईचा आकडा आणि प्रावीण्याचा बोनस मिळवायचा. बेरीज समोरच्याच्या आर्मर क्लासइतकी, म्हणजे त्याच्या बचावाच्या आकड्याइतकी, किंवा जास्त झाली की वार लागला. बरोबरी झाली तरी लागतो, हे पुष्कळांना माहीत नसते. मग शस्त्राप्रमाणे दुसरा फासा: खंजिराला चार बाजूंचा, लाँगसोर्डला आठ बाजूंचा. समोरच्याचे तेवढे हिट पॉइंट, म्हणजे जीव मोजणारे गुण, वजा.

आता त्या विसाबद्दल. वार करताना फाशावर २० पडले तर वार लागतोच, समोरच्याचा आर्मर क्लास कितीही असो. आणि १ पडले तर चुकतोच. ही सवलत वारापुरती आहे. भिंत चढणे, कुलूप उघडणे, राजाला गळ घालणे अशा कौशल्याच्या कसोटीत २० म्हणजे फक्त २०; बोनस मिळवूनही बेरीज अपुरी पडली तर काम होत नाही. शून्य हिट पॉइंटवर पडलेल्या पात्राच्या जीवनमरणाच्या कसोटीत मात्र २० ला वेगळे फळ आहे: पात्र एका हिट पॉइंटनिशी शुद्धीवर येते. तिथेच १ पडले तर दोन अपयशे धरतात (तीन झाली की मृत्यू).

वारात २० पडल्यावर दुखापतीचे फासे दुप्पट टाकायचे, बोनस दुप्पट करायचा नाही. अनेक टेबलांवर सोपे म्हणून अख्खी बेरीजच दुप्पट करतात. सरासरीत फरक थोडा वाटतो, पण पहिल्या पातळीवर तो जिवावर बेततो. २०१४ च्या पुस्तकातला गॉब्लिन घ्या. त्याच्या तलवारीची दुखापत सहा बाजूंचा एक फासा अधिक २. समोर पहिल्या पातळीचा जादूगार, हिट पॉइंट ८. नियमाप्रमाणे २० पडले तर दोन फासे अधिक २, म्हणजे फार तर १४. जादूगार बेशुद्ध पडेल, पण मित्रांना त्याला वाचवायला वेळ मिळेल. अख्खी बेरीज दुप्पट केली तर सहा पडल्यावर होतात १६. शून्यावर पोहोचल्यावर उरलेली दुखापत पात्राच्या कमाल हिट पॉइंटइतकी असेल तर पात्र जागीच मरते, असा नियम आहे. सोळातून आठ वजा, उरले आठ. संपला जादूगार, तेही अशा गॉब्लिनकडून जो नियमाप्रमाणे त्याला एका घावात मारूच शकत नव्हता.

१ पडल्यावर तलवार हातातून सुटते किंवा स्वतःच्याच पायावर बसते, हा घरगुती नियम तर त्याहून वाईट. पुस्तकात तो नाही. दर वाराला १ पडण्याची शक्यता ५ टक्के. पाचव्या पातळीला योद्ध्याला एका पाळीत दोन वार मिळतात, अकराव्याला तीन, विसाव्याला चार. एका पाळीत किमान एकदा १ पडण्याची शक्यता अनुक्रमे पावणेदहा, सव्वाचौदा आणि साडेअठरा टक्के होते. म्हणजे जगातला सर्वांत कसलेला योद्धा साधारण अर्ध्या मिनिटाला एकदा तलवार टाकतो, आणि कालचा नवशिका त्याच्यापेक्षा हाताचा पक्का ठरतो! ज्या जादूगाराच्या मंत्राला वाराचा फासाच लागत नाही, तो मजेत बघत बसतो. गंमत म्हणून हा नियम आणणाऱ्यांनी हा हिशेब एकदा कागदावर मांडावा.

आता ‘डीएम म्हणेल ते खरे’ याकडे वळू. क्रिकेटमध्ये पंचाचा निर्णय अंतिम असतो, म्हणून पायचीतचा नियम पंच ठरवतो असे कोणी म्हणत नाही. चेंडूचा टप्पा लेग स्टंपच्या बाहेर पडला असेल तर पुढचे काही बघायचेच नसते. पंचाला डोके चालवायचे असते ते या क्रमाच्या आत. डीएमचेही तसेच. आधी कोणते पुस्तक चालू आहे ते पाहावे. मग त्या मंत्राचे किंवा त्या पात्राच्या खास गुणाचे वाक्य, कारण विशेष नियम सामान्य नियमाला मागे टाकतो हे तत्त्व पुस्तकानेच घालून दिले आहे. मग गोष्ट नेमकी कोणत्या क्षणी घडते ते. आणि तरीही प्रश्न उरला तरच डीएमची मर्जी. बहुतेक वाद तिसऱ्या पायरीच्या आतच मिटतात.

पुस्तकाचा प्रश्न हल्ली सर्वांत जास्त नडतो. पाचवी आवृत्ती २०१४ मध्ये आली आणि तिचेच सुधारित नियम २०२४ मध्ये. दोन्हींवर पाचवीचाच शिक्का, त्यामुळे एका टेबलावर दोघांकडे जुने पुस्तक, तिघांकडे नवे, आणि प्रत्येकाला वाटते समोरचा खोटे बोलतोय. अचानक हल्ल्याचेच बघा. जुन्या नियमात बेसावध सापडलेल्याला पहिल्या पाळीत हलता येत नाही, काही करता येत नाही आणि ती पाळी संपेपर्यंत रिॲक्शनही, म्हणजे दुसऱ्याच्या कृतीला लगेच दिलेला प्रतिसादही, नाही. नव्या नियमात तो फक्त इनिशिएटिव्हचा, म्हणजे पाळ्यांचा क्रम ठरवणारा, फासा डिसॲडव्हांटेजने टाकतो, म्हणजे दोन फासे टाकून कमी आकडा धरतो. घातपाताच्या बेतावर उभे असलेले पात्र एका पुस्तकात वाघ आहे, दुसऱ्यात मांजर. जखम भरणारे औषध पिण्यात जुन्या नियमाने अख्खी ॲक्शन, म्हणजे पाळीतली मुख्य कृती, जाते; नव्याने बोनस ॲक्शन, म्हणजे जोडीची छोटी कृती. जुन्यात ‘क्युअर वूंड्स’ या जखम भरणाऱ्या मंत्राला आठ बाजूंचा एक फासा, नव्यात दोन. कुस्तीची पकड जुन्यात दोघांच्या फाशांच्या चढाओढीने ठरते; नव्यात पकडणाऱ्याचा आकडा ठरलेला असतो, ८ अधिक ताकद अधिक प्रावीण्य, आणि फासा फक्त समोरचा टाकतो. अदृश्य शत्रूचा वाद तर नव्या पुस्तकाने मिटवूनच टाकला. जुन्यात त्याला मिळणारा फायदा तुम्ही त्याला पाहू शकता की नाही याच्याशी जोडलेलाच नव्हता, त्यामुळे अदृश्य दिसण्याचा मंत्र घालूनही वार डिसॲडव्हांटेजनेच, असा विचित्र अर्थ निघे. नव्याने स्पष्ट केले की जो तुम्हाला पाहू शकतो त्याच्याविरुद्ध हा फायदा नाही.

एका पाळीत दोन मंत्र म्हणता येतात का, यावरचे दोन्ही पुस्तकांतले नियम तर चवीने वाचण्यासारखे आहेत. जुन्यात बोनस ॲक्शनने कोणताही मंत्र म्हटला की त्या पाळीत दुसरा मंत्र फक्त कॅंट्रिप, म्हणजे कितीही वेळा म्हणता येणारा साधा मंत्र, तोही एका ॲक्शनचा. धर्मगुरूने बोनस ॲक्शनच्या ‘हीलिंग वर्ड’ने मित्राला उठवले की त्याच पाळीत ‘क्युअर वूंड्स’ नाही. ‘सेक्रेड फ्लेम’ चालेल, कारण तो कॅंट्रिप आहे. गंमत म्हणजे बोनस ॲक्शनचा मंत्र मध्ये न आणता, योद्ध्याकडून उसन्या घेतलेल्या ‘ॲक्शन सर्ज’च्या जोरावर त्याच नियमात एका पाळीत दोन ‘फायरबॉल’ बसत. नव्या नियमाने दोन्ही टोके कापली: एका पाळीत मंत्राचा एकच स्लॉट, म्हणजे मोठे मंत्र म्हणण्याच्या मोजक्या संधींपैकी एकच, खर्च करता येतो आणि ‘ॲक्शन सर्ज’च्या जादा ॲक्शनने मंत्र म्हणता येत नाही. माझ्या मते नवा नियम सरस आहे. तो नवख्याला एका वाक्यात सांगता येतो, जुना समजावायला उदाहरणे लागतात. पण कोणता पाळायचा ते पहिल्या दिवशी ठरवायला हवे. लढाईच्या मध्यावर सोयीचे पुस्तक उघडणे ही लबाडीच.

तिसरी पायरी क्षणाची. इथे डीएमच्या बोलण्याची घाईच पुष्कळदा नियम मोडते. ‘शील्ड’ हा मंत्र वार लागल्याबरोबर रिॲक्शन म्हणून म्हणायचा असतो. आर्मर क्लास ५ ने वाढतो आणि तो ज्या वारामुळे म्हटला त्यालाही लागू होतो. जादूगाराचा आर्मर क्लास १३ असेल तर १८ होतो; १७ चा वार हुकला, १८ चा तरीही लागला. डीएम जर एका दमात ‘सतरा, लागला, नऊ हिट पॉइंट गेले’ असे म्हणाला तर खेळाडूला मंत्र म्हणायची जागाच राहत नाही, आणि मग दुखापत ऐकल्यावर ‘थांबा, शील्ड!’ असा ओरडा होतो. त्यावर उपाय सोपा. डीएमने ‘सतरा लागतात का?’ असे विचारून थांबावे, उत्तर आल्यावरच दुखापतीचा फासा उचलावा. रिॲक्शन फेरीत एकच असते आणि ती स्वतःची पाळी सुरू झाली की परत मिळते, म्हणून शील्ड वापरलेल्याला पळत्या शत्रूवर फुकटचा वार नाही.

त्या फुकटच्या वाराबद्दलही गैरसमज फार. शत्रू हलला की वार, असे नाही. तो तुमच्या शस्त्राच्या टप्प्यातून बाहेर पडला, आणि तुम्हाला दिसत असला, तर वार, आणि तो बाहेर पडण्याच्या ऐन आधीच्या क्षणी. तुमच्याभोवती गोल फिरला तर वार नाही. तुमच्या हातात दहा फूट टप्प्याचे लांब दांड्याचे शस्त्र असेल आणि शत्रू पाच फुटांवरून दहा फुटांवर सरकला तर तो अजून टप्प्यातच आहे, म्हणून तेव्हाही नाही. कुणी ढकलला किंवा मंत्राने अंतर्धान पावून दुसरीकडे प्रकटला तरी नाही.

कृती राखून ठेवायच्या ‘रेडी’ ॲक्शनचे तसेच. ‘तो वार करण्याआधी मी वार करीन’ असे खेळाडू हमखास सांगतात. पण राखून ठेवलेली कृती कारण पुरते घडून गेल्यावर होते, आधी नव्हे. म्हणून कारणच नीट निवडावे: ‘तो दारातून आत आला की’, ‘त्याने धनुष्य उचलले की’. दोन वार मिळणाऱ्या योद्ध्याने वार राखून ठेवला तर एकच मिळतो, कारण दुसऱ्या वाराचा गुण स्वतःच्या पाळीतच चालतो. मंत्र राखून ठेवला तर स्लॉट तिथेच खर्च होतो, मंत्र धरून ठेवायला एकाग्रता लागते, आणि कारण घडलेच नाही तर सगळे वाया. संधी साधून जादा दुखापत करणारा चोराचा ‘स्नीक अटॅक’ याच्या उलट आहे. तो पाळीत एकदा आहे, फेरीत एकदा नव्हे. स्वतःच्या पाळीत एकदा मारून, दुसऱ्याच्या पाळीत पळत्या शत्रूवरच्या वारात तो पुन्हा बसतो. पुष्कळ डीएम हे नाकारतात आणि चोर खेळणाऱ्याचे हकनाक नुकसान करतात.

बोलणी चालू असताना एखादा खेळाडू मध्येच ‘मी बाण सोडतो’ म्हणतो. बाण तेव्हाच सुटत नाही. आधी सर्वांचा इनिशिएटिव्ह, मग ज्याची पाळी आधी तो आधी. समोरासमोर उभे असलेले, हात मुठीवर ठेवून बोलणारे लोक बेसावध नसतात. फुकटचा पहिला बाण द्यायची सवय एकदा लावली की त्या टेबलावर पुढे कोणतीही बोलणी तिसऱ्या वाक्यापलीकडे जात नाहीत.

एकाग्रतेचा मंत्र धरलेल्याला दुखापत झाली की कसोटी द्यावी लागते: १० किंवा दुखापतीच्या निम्मे, जे जास्त असेल ते गाठायचे. बाणाने ९ आणि ड्रॅगनच्या फुत्काराने ४५ गेले तर कसोट्या दोन, एक १० ची आणि एक २२ ची. बेरीज करून २७ ची एकच कसोटी घेणे चूक. निम्मे करताना अपूर्णांक नेहमी खाली सोडायचा. आगीला प्रतिकार असलेल्याला २७ ची आग लागली आणि शिवाय कुठल्या कवचाने ५ कमी होत असतील तर आधी ५ वजा, २२. मग प्रतिकारामुळे निम्मे, ११. उलटा क्रम लावला तर ८ येतात. तीन हिट पॉइंटांचा फरक, पण पडणे आणि उभे राहणे त्यावरच ठरते.

पडलेल्यावर वार करतानाही क्रम लागतो. बेशुद्ध पात्रावर वार ॲडव्हांटेजने, म्हणजे दोन फाशांतला मोठा आकडा धरून, होतो, आणि पाच फुटांच्या आतून लागला की तो आपोआप क्रिटिकल, म्हणजे २० पडल्यासारखा, आणि एका घावात तीनपैकी दोन अपयशे. मात्र लांबून बाण मारला तर बेशुद्धीमुळे ॲडव्हांटेज, आडवा पडलेला असल्यामुळे डिसॲडव्हांटेज, दोन्ही कटतात आणि एकच फासा उरतो. डीएमने लांडग्यांकडून पडलेल्याचे लचके तोडायचे ठरवले तर त्याचा परिणाम काय, हे त्याला आधी ठाऊक असावे.

मग डीएमने डोके चालवायचे कुठे? जिथे वाक्य स्वच्छ आहे पण फळ हास्यास्पद आहे तिथे. ॲडव्हांटेज कितीही कारणांनी मिळाला तरी फासे दोनच, आणि एक ॲडव्हांटेज व एक डिसॲडव्हांटेज असले की दोन्ही रद्द, मग एकीकडे कारणे चार का असेनात. हिशेब सोपा राहावा म्हणून केलेला हा नियम एरवी उत्तम चालतो. आता दाट धुक्यात दोन धनुर्धर सहाशे फुटांवर उभे करा. लाँगबोचा पल्ला नेहमीचा १५० फूट, कमाल ६००. १५० च्या पुढे डिसॲडव्हांटेज. धुक्यामुळे मारणाऱ्याला लक्ष्य दिसत नाही, आणखी एक डिसॲडव्हांटेज. पण लक्ष्यालाही मारणारा दिसत नाही, म्हणून ॲडव्हांटेज. सगळे कटले, सरळ फासा. म्हणजे सहाशे फुटांवरचा नेम स्वच्छ उन्हापेक्षा दाट धुक्यात चांगला लागतो! इथे डीएमने ‘नाही, डिसॲडव्हांटेजच’ असे म्हणायलाच हवे. मूळ नियमाची बुद्धी तशी नव्हती हे उघड आहे. शत्रूला दोन बाजूंनी घेरल्यावर ॲडव्हांटेज देणारा २०१४ चा ऐच्छिक नियमही असाच विचार करून घ्यावा. इतका स्वस्त ॲडव्हांटेज मिळाला की तो मिळवून देणारे मंत्र आणि रानटी योद्ध्याचा ‘रेकलेस अटॅक’ कवडीमोल होतात. त्याऐवजी वाराला २ अधिक देणारी टेबले मला जास्त पटतात.

दुसऱ्या जादूगाराचा मंत्र तोडणाऱ्या ‘काउंटरस्पेल’चे काय? समोरचा कोणता मंत्र म्हणतोय हे सांगायचे की नाही, यावर २०१७ च्या पुरवणी पुस्तकात ऐच्छिक नियम आहे: ओळखायलाही रिॲक्शन खर्च होते, म्हणून ओळखणारा आणि तोडणारा एकच असू शकत नाही. नियम काटेकोर आहे, पण खेळ मंदावतो. डीएमने सरळ ‘तो मंत्र म्हणतोय’ एवढेच सांगून थांबावे आणि हाच न्याय खेळाडूंच्या मंत्रांनाही लावावा, हे बरे.

टेबलावर वाद निघाला तर दोन मिनिटे पुस्तक बघावे. सापडले नाही तर डीएमने निर्णय द्यावा, तो वहीत टिपावा आणि खेळ पुढे न्यावा. शोधाशोध खेळ संपल्यावर. निर्णय चुकलेला निघाला तर पुढच्या बैठकीपासून बदलावा, मेलेला राक्षस मागे जाऊन उठवू नये. पात्र मेले असेल तर अपवाद करावा. घरचे नियम एका पानात मावावेत आणि राक्षसांनाही तितकेच लागू असावेत. खेळाडूंना दिलेली क्रिटिकलची जादा दुखापत राक्षसांनाही दिली की पुष्कळ घरगुती नियम आपोआप मागे घेतले जातात, असा अनुभव सगळीकडचा आहे.

शेवटी एक माहिती, जी लेखात यायला हवी होती. पाचव्या आवृत्तीच्या मूळ नियमांचा संदर्भ दस्तऐवज, ‘एसआरडी ५.१’, प्रकाशक कंपनीने जानेवारी २०२३ मध्ये क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली खुला केला. सुधारित नियमांवरचा ५.२ त्याच परवान्याखाली २०२५ मध्ये आला. दोन्ही फुकट उतरवून घेता येतात, आणि ठरलेली श्रेयओळ छापली की त्यांचा मराठी अनुवाद करून वाटायला, विकायलाही, आडकाठी नाही. सगळे भाषांतर करत बसायची गरज नाही. लढाईचे प्रकरण आणि बेशुद्ध, आडवा, अदृश्य वगैरे पंधरा अवस्थांची यादी एवढे मराठीत आले तरी आठवी-नववीतल्या मुलांचा एखादा गट डीएमच्या तोंडाकडे न बघता स्वतः पान उघडून बघू शकेल. आपल्या पुरवणीने या विषयावर पुढचा लेख छापायचा ठरवला तर त्या पंधरा अवस्थांचा तक्ता सोबत चौकटीत द्यावा, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक, डोंबिवली